वीस फुटांचा फुटाणा

डॉक्टरांनी ग्यानोबाच्या डाव्या पायाच्या करंगळीत टाचणी टोचली आणि विचारलं, "दुखलं का?"

"टोचा की," ग्यानोबा म्हणाला.

"टोचली."

ग्यानोबानं वाकून पाहिलं. टाचणी करंगळीत उभी होती. करंगळी जांभळी पडली होती आणि नखापाशी एक जखम होती, ती दिवाळीपासून भरत नव्हती. तो बराच वेळ टाचणीकडं बघत राहिला, मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या पोस्टरकडं बघितलं.

"बिडी किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"जास्त न्हाई. दोन कट्टे."

"आठवड्याला?"

"दिसाला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तंबाखूनं तुमच्या पायाच्या रक्तवाहिन्या आतून बंद होत चालल्यात. आज करंगळी आहे. बिडी चालू राहिली तर उद्या पंजा, मग गुडघ्याखाली. मी कापत कापत वर येणार. बिडी पूर्ण बंद केली तर हे इथंच थांबू शकतं. मी गोळ्या देतो, पण खरं औषध एवढंच."

"दिसाला दोन बिड्यावर आणली तर?"

"तर पाय जरा सावकाश जाईल. बिडी नाही, मळलेली तंबाखू नाही, मिश्रीसुद्धा नाही. तुम्हाला पाय पाहिजे का बिडी?"

ग्यानोबानं खरोखर विचार केला. "सायेब, दोन्हीचं काई जमून येत न्हाई का?"

हा ग्यानोबा आमच्या रिगचा ड्रिलर. मी त्याच रिगवरचा भूवैज्ञानिक, मूळचा हदगावचा, नोकरीला नवा. लातूर तेव्हा नुकताच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला होता. आमचं ऑफिस एका भाड्याच्या घरात होतं. स्वयंपाकघरात नकाशे, न्हाणीत जुन्या फायली. दारावरच्या बोर्डावर लातूर होतं, शिक्क्यांवर अजून उस्मानाबादच होतं. पाऊस मात्र दोन्ही जिल्ह्यांना सारखाच विसरला होता. गावोगाव विहिरी आटलेल्या, आणि प्रत्येक गावाला आमची रिग कालच पाहिजे होती.

रिग म्हणजे ट्रकवर बसवलेलं बोअर मारायचं यंत्र. वीस-वीस फुटांचे लोखंडी रॉड एकाला एक जोडत जमिनीत सोडायचे. सगळ्यात खाली हॅमर. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते, हॅमर खडक फोडतो आणि तीच हवा फुटलेल्या दगडाची भुकटी वर फेकते. पाणी लागलं की भुकटीचा चिखल होतो, मग फवारा उडतो. नाही लागलं तर दिवसभर धूळ खायची. आमची सरकारी मर्यादा दोनशे फूट, म्हणजे दहा रॉड. दहाव्या रॉडलाही धूळच आली की रजिस्टरला 'कोरडा' लिहायचं, रॉड उपसायचे आणि पुढच्या गावाला जायचं. मागं वळून बघायचं नाही. बघवत नसेच.

आता रॉड किती गेले हे मोजायचं कुणी? कागदोपत्री मी. प्रत्यक्षात ग्यानोबाची बिडी. एक रॉड पुरा खाली गेला की हेल्पर पुढचा जोडायला घेत, आणि तेवढ्यात ग्यानोबा एक बिडी ओढून घेई. तिचं थोटूक टूलबॉक्सवर ठेवलेल्या ग्रीसच्या डब्याच्या झाकणात विझवायचं. रॉडची बिडी वेगळी आणि अधल्यामधल्या बिड्या वेगळ्या. अधल्यामधल्यांची थोटकं तो लांब भिरकावून द्यायचा, त्यात कधी गफलत नाही. मी यायचो, झाकणातली थोटकं मोजायचो, विसानं गुणायचो आणि रजिस्टरला खोली लिहायचो. मी एम.एस्सी. झालेला माणूस. सरकारनं मला रजिस्टर दिलं होतं, पेन दिलं होतं, दर रॉडला एक रेघ ओढायला मला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. झाकण चुकत नाही, हे रिगवर सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टर आता माझ्याकडं वळले. "तुम्ही कोण ह्यांचे?"

"साहेब."

"तुमच्या शर्टाला सिगारेटचा वास येतोय, साहेब."

"एखादी, कधीतरी..."

"एखादीवाल्यांच्या खिशातून पाकीट असं वर आलेलं नसतं. एकानं सोडायची आणि दुसऱ्यानं दिवसभर त्याच्या तोंडावर धूर सोडायचा, अशानं कुणाचंच सुटत नाही. दोघंही सोडा."

मग त्यांनी युक्त्या सांगितल्या. तलफ ही आगाऊ पाहुण्यासारखी असते, म्हणाले. पाहुणचार केला नाही तर पाच-दहा मिनिटांत आपण होऊन उठून जाते. तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला काम द्यायचं. फुटाणे, बडीशेप, लवंग, काहीही. ज्या जागी बसून ओढत होतात तिथं बसायचं नाही. चहा झाला की लगेच उठायचं. पहिले काही दिवस डोकं भणभणेल, झोप येणार नाही, सगळ्या जगाचा राग येईल, पण ते कमी होत जातं. "आणि तलफ आली की पेलाभर पाणी घ्या. घोट घोट करून प्या."

"पाणी?" ग्यानोबा म्हणाला. "सायेब, आमी जातोच मुळी पाणी नसलेल्या गावाला."

डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

उदगीरला ग्यानोबाचं घर होतं. मी त्याला सोडायला गेलो आणि करंगळीची हकीकत त्याच्या बायकोला, शेवंताबाईंना सांगितली. त्यांनी पदर खोचला आणि घराची झडती घेतली. वळचणीतून एक कट्टा निघाला, जात्याखालून एक, कणगीमागून एक. शेवटी त्यांनी रेडिओचं मागचं झाकण उघडलं. सेलच्या जागी बिड्या होत्या, शिस्तीत लावलेल्या.

"सालभर झालं, रेडिओ बिघडलाय म्हणून सांगायलेत मला," शेवंताबाई म्हणाल्या. मग त्या चुलीपुढं बसल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. ग्यानोबा दाराशी उभा राहून स्वतःच्या पायाकडं बघत होता. टाचणीनं जे झालं नव्हतं ते तिथं झालं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं बिनधुराचे झालो आणि रिगवर राहणं कठीण झालं. मी लवंगा चघळायचो. इतक्या, की संध्याकाळपर्यंत जीभ बधिर होऊन मला 'रजिस्टर' म्हणता येईना. ग्यानोबा सदऱ्याच्या खिशात फुटाणे भरून आणायचा. तो कॉम्प्रेसरला शिव्या द्यायचा, उन्हाला द्यायचा, एकदा हॅमरला दिल्या, त्याही नाव घेऊन. चहा पिऊन झाला की आम्ही दोघं तटकन उठून दोन दिशांना चालायला लागायचो. कपाचे पैसे कुणी द्यायचे म्हणून टपरीवाला आमच्या मागं पळायचा. पाण्याची तऱ्हा तर सांगायलाच नको. एका गावात ग्यानोबानं तिसऱ्यांदा पेला मागितला तेव्हा घरातली बाई हात जोडून म्हणाली, "दादा, च्या दोन डाव घे, जेवून जा, पर पाणी मागू नगंस."

सगळ्यात हाल झाले रज्जाकभाईंचे. ते ट्रक चालवायचे आणि कॉम्प्रेसर सांभाळायचे. त्यांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. आमच्या दोघांच्या तोंडाला लागून ते चौथ्या दिवशी मला म्हणाले, "साब, तुमे दोनों पीना चालू करो. नै तो मैं नौकरी छोड देतूं."

रॉड मोजायचा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. बिडी नाही, तर थोटूक नाही. थोटूक नाही, तर खोली नाही. खडूची रेघ ओढून बघितली, ती तेलानं आणि हादऱ्यानं पुसून गेली.

"साहेब, फुटाणा ठिवतो की," ग्यानोबा म्हणाला. "रॉड गेला की झाकणात एक फुटाणा. खायचे ते खिशातले."

"झाकणातले खायचे नाहीत," मी बजावलं.

"न्हाई वो. ते सरकारी."

मी मान्यता दिली. पद्धत तीच, फक्त धूर नाही. मला तर फार शास्त्रशुद्ध वाटलं.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी आम्ही जळकोटकडच्या एका गावात पोचलो. जळकोटचा तेव्हा तालुका झाला नव्हता, उदगीर तालुक्यातच होतं. गावात तीन विहिरी, तिन्हींच्या तळाला भेगा. एक दिवसाआड टँकर यायचा आणि त्या दिवशी भांडणं व्हायची. मी जागा आखून दिली. नारळ फुटला, रिगला हळदीकुंकू लागलं. मग सरपंच एक ताट घेऊन पुढं आले. ताटात बिडीचा नवा कट्टा आणि काडेपेटी.

हा आमच्या भागातला रिवाजच होता. बोअर सुरू करण्याआधी गावानं ड्रिलरला बिडी द्यायची आणि ड्रिलरनं ती तिथंच पेटवायची. नाही पेटवली तर भुई रुसते म्हणत.

"सोडली," ग्यानोबा म्हणाला.

"कवा?"

"नऊ दिस झाले."

सरपंचांनी हिशेब केला. "मंग आजच्या दिस घ्या आन् उद्याच्याला फिरून सोडा की. तुमास्नी काय, सवय झाली असंल सोडायची."

लोक हसले नाहीत. शे-दीडशे माणसं रिगभोवती उभी होती, बाया रिकाम्या घागरी घेऊन. मागून कुणीतरी म्हणालं, "बिडी नाकारायलाय म्हंजी ह्याला म्हाईत हाय, हितं पाणी न्हाई." ते वाक्य गर्दीतून फिरत गेलं. सरपंचांचा चेहरा पडला. "मिस्त्री, एक झुरका. गावासाठी. मी पाया पडतो."

ग्यानोबाचा हात उचलला गेला होता. मला दिसत होतं. नऊ दिवसांचं भणभणणारं डोकं, समोर कोरा कट्टा आणि वर पुण्याचं काम. एवढी चांगली सबब माणसाला आयुष्यात एकदाच मिळते. खरं सांगतो, मला त्याचा राग नाही आला, हेवा वाटला.

"सरपंच," मी म्हणालो, "ह्यांनी बिडी ओढली तर ह्यांचा पाय कापावा लागेल. डॉक्टरांनी सांगितलंय."

कुणाला ते खरं वाटलं नाही. तेव्हा ग्यानोबानं खाली बसून बूट काढला, पायाचं फडकं सोडलं आणि करंगळी दाखवली. पुढच्या बायांनी तोंडाला पदर लावला. एक म्हातारी घागर टेकवून पुढं आली, तिनं करंगळी नीट निरखली आणि सरपंचांना म्हणाली, "ठिव रं ते ताट खाली. माणसाचा पाय जाळून पाणी नगं आमाला."

सरपंचांची मोठी पंचाईत झाली. रिवाज मोडवत नव्हता आणि म्हातारी त्यांची चुलती होती. शेवटी त्यांनी स्वतःच एक बिडी पेटवली. माळकरी माणूस, उभ्या जन्मात तोंडाला लावली नव्हती. एक झुरका घेतला, बोअरच्या जागेकडं धूर सोडला आणि इतके खोकले की दोघांनी धरून त्यांना सावलीला नेलं. रज्जाकभाईंनी कॉम्प्रेसर सुरू केला.

वीस फुटांपर्यंत मुरूम लागला. तिथपर्यंत केसिंग घातलं, म्हणजे कडेची माती आत ढासळू नये म्हणून घालतात तो पाइप. मग काळा पाषाण सुरू झाला. पाषाणात धूळ उडते ती करड्या पिठासारखी, बघता बघता माणसांचे केस पांढरे करते. साठ फुटांवर धूळ. शंभरवर धूळ. दीडशेच्या आसपास पुरुष मंडळी उठून घरी जायला लागली. बाया मात्र बसून राहिल्या.

मी बाभळीखाली खुर्ची टाकून रजिस्टर घेऊन बसलो होतो आणि माझ्या लवंगा संपल्या होत्या. तलफ आली. पाहुणा उठेना. मी उठून रिगपाशी गेलो, टूलबॉक्सला टेकून रज्जाकभाईंना डिझेल किती आहे ते विचारलं, तोंडात काहीतरी टाकलं, उगाच कॉम्प्रेसरचा काटा बघितला आणि परत आलो. बरं वाटलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच, थोडी हालचाल केली की तलफ जाते.

अर्ध्या तासानं झाकणात बघितलं. नऊ फुटाणे. मी रजिस्टरला एकशे ऐंशी लिहिलं आणि ग्यानोबाला ओरडून सांगितलं, "एक रॉड राहिला. शेवटचा!"

"धा झाले असतील की वो!" तो कॉम्प्रेसरच्या आवाजावरून ओरडला.

"झाकणात नऊ आहेत!"

"मला तर धा वाटायलेत!"

"तुम्हाला तलफ आलीय! नऊच!"

त्यानं झाकणात बघितलं. मग मान हलवली आणि आणखी एक रॉड जोडायला सांगितला.

तो रॉड निम्मा गेला आणि धुळीचा रंग बदलला. करड्याची तांबूस झाली, मग तिचे ओले गोळे पडायला लागले. काळ्या पाषाणाखाली लाल मातीचा थर होता आणि त्याच्या अंगानं पाणी होतं. हॅमरचा आवाज बसका झाला. ग्यानोबानं हात वर केला, आणि पाण्याचा लोंढा रिगच्या टोकापर्यंत उडाला. बाया ओरडल्या नाहीत. पहिल्यांदा घागरी सरसावल्या, ओरडल्या नंतर. ग्यानोबा त्या गढूळ फवाऱ्यात उभा राहून ओंजळीनं पाणी प्यायला. घोट घोट करून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यात धुळीचा काही संबंध नव्हता.

मी रजिस्टरला दोनशे लिहिलं आणि रॉड उपसायला सुरुवात झाली. हेल्पर एकेक रॉड ओळीनं आडवा ठेवत होता. दहाची ओळ पुरी झाली तरी आणखी एक रॉड आला. त्यानं मोजले. पुन्हा मोजले. मला हाक मारली. मी मोजले. अकरा होते.

नेमकी त्याच वेळी उपअभियंता साहेबांची जीप आली. पाणी लागल्याची बातमी त्यांना रस्त्यातच मिळाली होती. साहेब पुण्याकडचे, नियमाचे पक्के, हातात कायम तपकिरीची डबी. त्यांनी फवारा पाहिला, आनंद व्यक्त केला, रजिस्टर पाहिलं आणि मग रॉड पाहिले.

"रजिस्टर म्हणतंय दोनशे फूट. इथे किती रॉड पडलेत?"

"अकरा, सर."

"अकरा विसे किती?"

"दोनशे वीस, सर."

"मर्यादा दोनशेची आहे. ती गंमत म्हणून घातलेली नाही. खाली हॅमर अडकला असता तर जिल्ह्यातली एकुलती एक रिग इथेच बसली असती. मोजणी कोण करतं?"

फुटाण्यांची पद्धत सांगावी लागली. झाकण आणून दाखवलं. साहेबांनी ती वस्तू डोळे भरून पाहिली. "म्हणजे ड्रिलरने मोजणीचा फुटाणा खाल्ला."

"न्हाई सायेब," ग्यानोबा म्हणाला. "खिशातले खाल्ले. झाकणातला न्हाई खाल्ला."

"मग तो उडून गेला? हे बघा, तुम्ही दोन कट्टे ओढत होतात तेव्हा एकदाही चुकला नाहीत. आता लक्ष ठिकाणावर नाही. मेमो देतो. आणि उद्यापासून ऑफिसात बसा, रिगवर दुसरा माणूस बघू."

ग्यानोबा माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला, "बिडी होती तवर समदं नीट चाललं होतं बगा." आणि त्याची नजर गेली ती नारळाशेजारच्या ताटाकडं. कट्टा तिथंच होता. एकच बिडी कमी झालेली. तो लंगडत त्या दिशेनं निघाला.

मी जिभेनं दाढ चाचपत होतो. मघापासून काहीतरी अडकलेलं होतं. ते निघालं. बोटावर घेऊन पाहिलं तर फुटाण्याचं टरफल.

फुटाणे माझ्या खिशात कधीच नव्हते. माझं औषध लवंग होतं.

"सर," मी म्हणालो, "तो फुटाणा मी खाल्ला."

ग्यानोबा ताटाशी पोचून थांबला. साहेबांची चिमूट नाकापाशी थांबली.

"तुम्ही?"

"सिगारेट सोडलीय, सर. तलफ आली होती. टूलबॉक्सपाशी उभा होतो. हात गेला असणार. वर ह्यांनी दहा झाले म्हणून सांगितलं, तेही मी ऐकलं नाही."

"म्हणजे वीस फूट भूवैज्ञानिकानं खाल्ले."

"हो, सर."

"मेमो तुम्हाला द्यायचा?"

"हो, सर."

"आणि कारण काय लिहू? तलफ?" त्यांनी तपकीर ओढली आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या. मला तेव्हा जाणवलं की तलफ ह्या विषयावर साहेब कागदावर फारसं काही लिहिणार नाहीत.

तेवढ्यात सावलीतून सरपंच आले, अजून डोळे लाल. त्यांना सगळं समजलं नव्हतं, पण पाण्याविषयी काहीतरी वाकडं चाललंय एवढं कळलं होतं. हात जोडून म्हणाले, "सायेब, पाणी मर्यादेच्या भायेर लागलं असंल तर आमची काई तक्रार न्हाई."

साहेबांनी फवाऱ्याकडं पाहिलं, घागरींच्या रांगेकडं पाहिलं, मग रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं. "दोनशे लिहिलंय ना? राहू द्या. हा ड्रिलर रिगवरच राहील. आणि उद्याच्या उद्या प्रत्येक रॉडवर ऑइलपेंटनं नंबर टाका. मला पुन्हा सरकारी कामात फुटाणा दिसता कामा नये." गावाचं नाव मी इथं लिहिलेलं नाही, ते एवढ्याचसाठी. कागदावर तो बोअर अजून दोनशे फुटांचाच आहे.

रॉडना नंबर घालायला दोन तास लागले. हे आधी का सुचलं नाही, असं रज्जाकभाईंनी विचारलं. मी त्यांना डिझेल किती आहे ते विचारलं.

खरी गंमत पुढं झाली. गावानं आपल्या परीनं अर्थ लावला. ड्रिलरनं बिडी नाकारली, पाय दाखवला, आणि तरी पाणी लागलं. ह्याचा अर्थ उघड होता. ड्रिलरनं बिडीचा नवस बोलला होता, बिडी सोडतो पण गावाला पाणी दे म्हणून. आणि नवस म्हटला की तो मोडता येत नाही. ज्या दिवशी ड्रिलर बिडी ओढेल त्या दिवशी बोअर आटेल. ही बातमी आमच्या ट्रकच्या आधी पुढच्या गावाला पोचली. तिथं ताट आलं ते गूळ-शेंगदाण्याचं. तिथल्या सरपंचांनी ग्यानोबाच्या तोंडाचा वास घेऊन मगच नारळ फोडू दिला. तिथंही पाणी लागलं. मग काय विचारता.

महिनाभरानं उदगीरच्या बाजारात ग्यानोबाचा धीर सुटला. चहाच्या टपरीवर ओळखीच्याकडून त्यानं एक बिडी घेतली. तोंडात धरली. काडी ओढणार तोच पाठीमागून खांद्यावर हात पडला.

"राम राम मिस्त्री. आमच्या बोअरला पाणी हाय बरं का अजून."

ग्यानोबानं बिडी परत केली. "साहेब," दुसऱ्या दिवशी तो मला कळवळून म्हणाला, "कुटं बी जावा, एक तरी पाणी लागलेल्या गावचा माणूस हुभाच. मोटारीत हुभा, दवाखान्यात हुभा. मी आता बेजार झालो बगा." आम्ही बोअर मारत होतो, पाणी लागत होतं आणि दर बोअरमागं त्याच्यावर पहारा करणारं एक गाव वाढत होतं. कोरड्या गावांनी त्याला काही विचारलं नाही.

मी हे थांबवू शकलो असतो. आमच्या घरात नवससायास नाहीत. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी ते सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. शिवाय लाल थरातल्या पाण्याला बिडीचा वास येत नाही, हे सांगायचा सरकार मला पगार देत होतं. तरी मी सांगितलं नाही. जो विचारेल त्याला म्हणायचो, "असं म्हणतात खरं." मला त्याची आजही थोडी लाज वाटते. थोडीच.

पावसाळा संपता संपता मी ग्यानोबाला घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडं गेलो. मेलेली करंगळी काढावी लागली, पण जखम भरली आणि पाय राहिला. डॉक्टरांनी पाय उलटसुलट करून बघितला, चार ठिकाणी टाचणी टोचली आणि चारही वेळा ग्यानोबा ओरडला. डॉक्टर खूष झाले.

"कशाचा गुण आला? फुटाण्यांचा का पाण्याचा?"

"सतरा गावांचा," ग्यानोबा म्हणाला.

डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं नाही.

पुढं मला कुणी सिगारेट सोडायचा उपाय विचारला की मी फुटाणे सांगतो, लवंग सांगतो, पाणी सांगतो, चहानंतर उठायला सांगतो. हे सगळं उपयोगी आहे, मी करून बघितलंय. मी सिगारेट सोडली, धरली, सोडली, परत धरली. कायमची सुटायला मला आणखी सात वर्षं लागली. माझ्या सिगारेटवर कुणाच्याच गावाचं पाणी टिकून नव्हतं.